घरातली फिश टँक आणि पाण्यातलं कासव: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

टाकी, फिल्टर, खडे आणि मासे एकाच दिवशी घरी आणायचे, संध्याकाळी पाणी भरून मासे सोडायचे, ही बहुतेक घरांतली सुरुवात. पहिले तीन-चार दिवस सगळं छान दिसतं. मग एक मासा कोपऱ्यात बसतो, दुसरा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकतो, आणि दोन आठवड्यांत निम्मे मासे मेलेले असतात. दुकानदार नवे मासे आणि निळं औषध देतो, पण माशांना रोग झालेला नसतोच. त्यांच्याच विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार झालेल्या अमोनियाने ते मरतात, कारण तो अमोनिया संपवणारे जिवाणू नव्या टाकीत अजून वाढलेले नसतात. हे टाळता येतं, फक्त क्रम पाळावा लागतो.

१. आधी ठरवा: मासे की कासव

दोन्ही हवे असतील तर दोन टाक्या घ्या. लहान कासव माशांच्या मागे फिरून दमतं, त्यामुळे सुरुवातीला दोघं गुण्यागोविंदाने राहतात असं वाटतं. कासव हाताच्या पंजाएवढं झालं की रात्री झोपलेले मासे त्याच्या तोंडी लागतात, किंवा शेपट्या कुरतडलेल्या दिसतात. शिवाय कासव इतकी घाण करतं, की माशांसाठी पुरणारा फिल्टर त्याच्यापुढे काहीच नाही.

कासव घेण्याआधी कायदा समजून घ्या. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं आणि जमिनीवरचं तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. ती पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, मग ती वास्तूसाठी आणलेली असोत की पावसात रस्त्यावर सापडलेली. असं कासव दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. दुकानात नाण्याएवढं, हिरव्या पाठीचं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे पिल्लू दिसतं ते मूळचं अमेरिकेतलं, रेड इअर्ड स्लायडर. पुढे कासवाबद्दल जे लिहिलंय ते याच जातीचं.

या पिल्लाची मादी असेल तर पाठ दहा इंचांपर्यंत वाढते, नर सहा ते आठ इंच. दोघंही वीस-तीस वर्षं सहज जगतात. पाठ चार इंचांची होईपर्यंत नर-मादी नीट ओळखता येत नाही, त्यामुळे ‘छोटंच राहणारं द्या’ हे सांगण्यात अर्थ नाही. आणताना मादी आहे असंच धरून हिशोब करा.

२. टाकीचं माप आणि जागा

नवख्यांना वाटतं, लहान टाकी सांभाळायला सोपी. खरं उलट आहे. वीस लिटर पाण्यात थोडं जास्त खाणं पडलं तरी अमोनिया झपाट्याने चढतो, शंभर लिटरमध्ये तेवढीच चूक पचते. माशांसाठी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. कडेपर्यंत १२७ लिटर मावतं, पण खडे आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा जाता साधारण शंभर लिटर पाणी राहतं. पुढची सगळी प्रमाणं याच शंभर लिटरला धरून दिली आहेत. या उंचीला काच ८ मिमीची हवी.

पाणी, खडे आणि काच मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन होतं. टीव्हीच्या युनिटवर किंवा पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर ही टाकी ठेवू नका. लोखंडी स्टँड किंवा भक्कम कडप्प्याचा ओटा हवा. टाकीखाली १२ मिमीचा थर्मोकोल घाला, नाहीतर खालचा एखादा उंचवटा काचेच्या एकाच जागी दाब देतो आणि तळ तडकतो. पाणी भरण्याआधी स्पिरिट लेव्हल लावून पाहा.

खिडकीतलं थेट ऊन नको. शेवाळ तर होतंच, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांच्या वर जातं.

३. सामानाची यादी

माशांच्या टाकीसाठी:
- झाकण, कारण मासे उड्या मारतात
- तासाला ४०० ते ६०० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर
- एअर पंप, त्याची नळी आणि उलटं पाणी येऊ नये म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह
- २ ते ४ मिमीचे गोल खडे, १८ किलो (चार सेंटिमीटरचा थर)
- थर्मामीटर
- पुणे, नाशिक, नागपूर अशा थंडीच्या ठिकाणी १०० वॅटचा हीटर. मुंबई-कोकणात बहुधा लागत नाही
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते) तपासायचं थेंबांचं किट
- सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातले ‘क्लोरीनचे खडे’
- तळ साफ करायची सायफन नळी, आणि फक्त टाकीसाठी ठेवलेल्या दोन बादल्या, ज्यांना साबण कधीच लागणार नाही

यातलं तपासणी किट बहुतेक जण वगळतात आणि त्याऐवजी रंगीत दिवे घेतात. दिवे नंतरही घेता येतील, किट पहिल्या दिवसापासून हवं. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर त्याची जागा घेऊ शकत नाही. तो पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, अमोनिया वेगळा दाखवत नाही. टीडीएस ‘छान’ असलेल्या पाण्यात मासे मरू शकतात.

४. पाणी

नळाचं पाणी चालतं, पण त्यातलं क्लोरीन काढून. क्लोरीन माशांचे कल्ले भाजतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. शंभर लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरे. थोड्या पाण्यात विरघळवून टाकलं की काही मिनिटांत काम होतं. घाई नसेल तर बादलीत एअर पंप सोडून चोवीस तास पाणी ठेवलं तरी चालतं. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीन वाढवलेलं असतं, तेव्हा नुसतं ठेवलेल्या पाण्यावर विसंबू नका.

पाणी कुठून येतं त्यावर मासे ठरवावेत. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मृदू असतं, त्यात टेट्रा, एंजल, गोरामी चांगले राहतात. पठारावरच्या बोअरवेलचं पाणी सहसा जड असतं, तिथे गप्पी, मॉली, प्लॅटी खुश असतात. नुसतं आरओचं पाणी भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच सांभाळला जात नाही आणि एका रात्रीत कोसळतो.

५. टाकी पिकवणं (चार ते सहा आठवडे)

हा या कामाचा गाभा आहे. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू वाढायला हवेत: एक अमोनियाचं नायट्राइट करणारे, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंगा आणि खड्यांवर ते चिकटून राहतात आणि त्यांना सतत वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं.

मासे न सोडता हे असं करायचं:

खडे साध्या पाण्याने धुवून घाला. बादलीतलं पाणी निवळेपर्यंत धुवा, साबण अजिबात नको. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. आता जिवाणूंना खाऊ हवा. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, शंभर लिटरला ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. किराणा दुकानातला किंवा कल्हईचा नवसागर वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. इतकं बारीक वजन करता येत नसेल तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया देतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि पाणी वास मारतं.

दर दोन-तीन दिवसांनी तपासा. पहिल्या आठवड्यात किटमधली अमोनियाची नळी हिरवी येत राहील, म्हणजे अमोनिया आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिरवा रंग फिका होऊन पिवळ्याकडे झुकू लागतो आणि त्याच सुमाराला नायट्राइटची नळी, जी आत्तापर्यंत निळी होती, जांभळी होते. इथे बरेच जण ‘अमोनिया गेला’ म्हणून मासे सोडतात. थांबा. नायट्राइट माशांच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासे वर येऊन धापा टाकतात, आणि कापून पाहिलं तर रक्त तपकिरी दिसतं. नायट्राइट शून्यावर यायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात.

परीक्षा अशी: पुन्हा २ पीपीएम अमोनिया टाका. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेला दिसला की टाकी पिकली. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साचलेला नायट्रेट जाईल, आणि एक-दोन दिवसांत मासे सोडा. टाकी फार दिवस रिकामी राहिली तर जिवाणू उपाशी राहून कमी होतात.

ओळखीतल्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओला ठेवून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. सहा आठवड्यांचं काम दीड-दोन आठवड्यांवर येतं. बाटलीतल्या ‘बॅक्टेरिया’वर भरवसा ठेवायचा की नाही हे किट ठरवेल. बाटली ओतली तरी परीक्षा तीच.

६. मासे निवडणं आणि सोडणं

शंभर लिटरमध्ये एक जमणारी जोडणी: दहा टेट्रा, सहा कोरीडोरास आणि एक गोरामी. जड पाणी असेल तर दहा नर गप्पी आणि चार प्लॅटी. गप्पीचे नर-मादी एकत्र आणले तर काही महिन्यांत पिल्लांनी टाकी भरते. सगळे एकदम आणू नका. आधी पाच-सहा, दोन आठवड्यांनी पुढचे. जिवाणूंची संख्या खाणाऱ्यांच्या प्रमाणात वाढते आणि त्याला वेळ लागतो.

तीन खरेदींपासून जपा. गोल भांड्यातला गोल्डफिश: तो सहा-आठ इंच वाढतो आणि एकट्यालाच सत्तर-ऐंशी लिटर लागतं. ‘टाकी साफ ठेवणारा’ सकर: फुटाहून मोठा होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. फायटरचे दोन नर: एक दुसऱ्याला मारेल.

दुकानात अशी टाकी निवडा जिच्यात एकही मेलेला मासा नाही. पंख मिटून बसलेले, पोट आत गेलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेले मासे घेऊ नका, त्यांच्या टाकीतला धडधाकट दिसणाराही नको. घरी आणलेली पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीत तरंगवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी घाला, अर्धा तास. शेवटी मासे जाळीने काढून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये जाऊ द्या, त्यातून दुकानातले रोग येतात. जागा असेल तर नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवणं सगळ्यात उत्तम.

७. रोजचं आणि आठवड्याचं काम

खाणं दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. घरात खाणं घालणारी व्यक्ती एकच ठरवा, नाहीतर आजोबा, मुलं आणि कामावरून आलेला प्रत्येक जण आपापली चिमूट टाकतो. दिवा सहा ते आठ तास.

दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला. हीटर पंधरा मिनिटं आधी बंद करा, गरम काच हवेत उघडी पडली की तडकते. सायफन खड्यांत खुपसून घाण ओढून घ्या. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीएवढ्याच तापमानाचं हवं. सगळं पाणी एकदम काढून टाकी ‘चकाचक’ करणं माशांना झेपत नाही.

फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज आणि रिंगा कधीही एकाच दिवशी बदलू नका.

किटवर हे आकडे हवेत: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत. पीएच ७ वरून ८ वर गेला तर त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे जड पाण्यात थोडा अमोनियाही खपवून घेऊ नका. मृदू पाण्याच्या जुन्या टाकीत उलटी अडचण येते: जिवाणूंच्या कामानेच पीएच हळूहळू उतरतो, आणि ६ च्या खाली गेला की ते जवळजवळ काम थांबवतात. नियमित पाणी बदलणं हाच त्यावर उपाय.

८. कासवाची टाकी

पाठीच्या दर इंचाला चाळीस लिटर पाणी. म्हणजे मोठ्या मादीला चारशे लिटर. एवढी काचेची टाकी महाग पडते, म्हणून गच्ची किंवा मोठी बाल्कनी असेल तर प्लॅस्टिकचा मोठा टब किंवा सिमेंटची टाकी बघा. पिल्लासाठीची प्लॅस्टिकच्या माडाची छोटी डबी विसरा, त्यात कासव मरतं, एवढंच की सावकाश मरतं.

पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या दीड ते दोन पट तरी हवी. फिल्टर माशांच्या दुप्पट ताकदीचा, तासाला टाकीच्या आठ-दहा पट पाणी फिरवणारा. टाकी इथेही तशीच आधी पिकवायची. पाणी दर आठवड्याला तीस ते पन्नास टक्के बदला. तळाला बारीक खडे नकोत, कासव ते गिळतं आणि आतडं अडतं. तळ उघडा ठेवा किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला. हीटर लावलात तर त्याला प्लॅस्टिकचं कवच हवं, कासव काच फोडतं.

पूर्ण कोरडं होता येईल अशी चढायची जागा आणि तिथे ऊन, या दोन गोष्टींशिवाय कासव पाळू नका. पाणी २५ ते २८ अंश, चढायच्या जागी ३२ ते ३५. त्यासाठी एक उष्णतेचा दिवा आणि एक यूव्हीबी (उन्हातली अतिनील किरणं देणारी) ट्यूब, दिवसाला दहा-बारा तास, पाठीपासून वीस-तीस सेंटिमीटरवर. यूव्हीबी नसेल तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि पाठ मऊ पडते. ही किरणं काचेतून किंवा प्लॅस्टिकच्या झाकणातून येत नाहीत, म्हणून बंद खिडकीतलं ऊन निरुपयोगी. ट्यूब पेटत असली तरी सहा ते बारा महिन्यांत तिच्यातली यूव्हीबी उतरते, त्यामुळे लावल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

आपल्याकडे खरं ऊन फुकट आहे, ते वापरा. सकाळी दहाच्या आत, टबात, अर्ध्या भागावर सावली, वीस-तीस मिनिटं, आणि तुम्ही तिथेच बसलेले. कावळा, मांजर आणि घार तिन्ही कासवाच्या पिल्लावर टपून असतात. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका, पाणी काही मिनिटांत तापतं.

दिवा पाण्यात पडणार नाही असा पक्का बसवा. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

९. कासवाचं खाणं

पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड गोळी-खाणं, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढं. वाळवलेली कोळंबी चवीला ठीक, पण त्याच्यावर वाढवलेलं कासव कुपोषित होतं. वय वाढेल तसा पाला वाढवा: लेट्यूस, गाजराचा आणि लाल भोपळ्याचा कीस, आणि अझोला. अझोला टबात घरीच वाढतं आणि कासवं ते आवडीने खातात. पालक आणि कोबी क्वचितच. पोळी, भात, बिस्किट, दूध कधीच नाही. नाल्यातली जलपर्णी आणू नका. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन पाण्यात तरंगतं सोडा, कासव कुरतडत राहील.

शक्यतो वेगळ्या टबात खायला घाला, टाकीचं पाणी बरंच कमी घाण होतं.

कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागल्यावर साबणाने हात धुवा. कासवं साल्मोनेला जिवाणू बाळगतात, दिसायला निरोगी असली तरी. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.

१०. आजाराची चिन्हं

सगळे मासे एकदम वर येऊन धापा टाकत असतील तर औषध नव्हे, किट काढा. अमोनिया किंवा नायट्राइट असेल तर लगेच निम्मं पाणी बदला आणि खाणं बंद करा. नायट्राइट असल्यास लिटरला अर्धा ते एक ग्रॅम जाडं, आयोडीन नसलेलं मीठ आधार देतं.

पांढरे ठिपके आणि दगडाला अंग घासणं म्हणजे व्हाइट स्पॉट, थंडीत पाणी उतरल्यावर हमखास येतो. तापमान दिवसाला एक-एक अंशाने वाढवत २८ ते ३० वर न्या, लिटरला एक-दोन ग्रॅम मीठ हळूहळू विरघळवा, हवा वाढवा. ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवा, एकूण दहा-चौदा दिवस. परजीवीची पुढची पिढी तळाशी असते. कोरीडोराससारख्या कॅटफिशना मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी यातलं कमीच प्रमाण, लिटरला एक ग्रॅम. मेथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत घालू नका, फिल्टरचे जिवाणू मरतात.

कासवाचे डोळे सुजून मिटले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्व कमी आहे किंवा पाणी घाण आहे. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका बाजूला कलणं ही न्यूमोनियाची लक्षणं, त्यात घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य कोण, हे कासव आणण्याआधीच शोधून ठेवा. प्रत्येक दवाखान्यात तो नसतो.

११. वीज गेली, गावाला जायचंय

बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवा. मासे उपाशी राहून मरत नाहीत, प्राणवायूअभावी मरतात. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी त्यातलं कुजलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर ते थेट टाकीत जातं.

तीन-चार दिवस जाणार असाल तर निरोगी माशांना खाणं न घालताच जा. जास्त दिवस असतील तर शेजाऱ्याकडे दिवसागणिक पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका. निघण्याच्या आदल्या दिवशी फिल्टर साफ करू नका.

१२. ठेवणं जमत नसेल तर

तलावात, नदीत, देवळाच्या कुंडात किंवा विहिरीत सोडू नका. स्लायडर कासव जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ते स्थानिक कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न बळकावतं. सकर तर उजनीच्या पाण्यातही पोचला आहे. त्याच्या काटेरी पंखांत मच्छीमारांची जाळी अडकून फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. दुकानदाराला परत घ्यायला सांगा, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. यातलं काही होणार नाही असं वाटत असेल, तर आत्ताच कासव आणू नका, माशांची शंभर लिटरची टाकी घ्या.